जवळचा शिपाई, दूरचा धनी

स्कॉटलंडनें १ एप्रिल २०१३ रोजीं आपलीं आठ प्रादेशिक पोलीसदलें मोडून एकच दल उभें केलें. लहान दलास खुनाचा किचकट तपास झेपत नाहीं, हें मीहि मानतों. पण पूर्वीं दलास जाब विचारीत ते त्या त्या भागांतील नगरसेवक. आतां विचारतें तें मुख्यतः सरकारनियुक्त मंडळ. हायलंड्ससारख्या शांत मुलखांत किरकोळ कामांवरहि कमरेला पिस्तूल लावलेले शिपाई दिसूं लागले, तेव्हां लोक संतापले. ऑक्टोबर २०१४ मध्यें तें धोरण बदलावें लागलें. बदललें हें खरें, पण आधीं विचारलें कोणास? खून झालेल्याच्या आप्तांना निष्णात तपास हवा, हा त्यांचा हक्कच. परंतु त्यापायीं शेजारच्या निरुपद्रवी गृहस्थाचा जाब विचारण्याचा हक्क दूर नेणें न्याय्य आहे काय? मला तसें वाटत नाहीं.