मागे ठेवलेलं वर्ष

   बंगळुरूत म्युझियम रोडवर सेंट जोसेफ्स बॉइज हायस्कूल आहे. इंदूरला मराठी घरात जन्मलेला राहुल द्रविड याच शाळेत शिकला. चिन्नास्वामी स्टेडियमवरच्या उन्हाळी शिबिरात प्रशिक्षक केकी तारापोर यांनी त्याला हेरलं, तेव्हा तो शाळकरी पोरगाच होता.

शाळकरी वयातल्या क्रिकेटबद्दल याच द्रविडने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीतल्या पतौडी स्मृती व्याख्यानात कडक शब्द वापरले. तेव्हा तो एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा प्रशिक्षक होता. वय कमी दाखवून खेळवण्याची रीत विषारी आहे, असं त्याचं म्हणणं. एखाद्या स्थानिक स्पर्धेत पोराला खेळवता यावं म्हणून प्रशिक्षक जन्मतारीख बदलतो, आईबाप मान डोलावतात आणि मोठ्यांनी सांगितलेलं खोटं पोर मुकाट्याने पुढे चालवतं. कागदावरच्या खाडाखोडीपेक्षा मला त्याचा दुसरा मुद्दा मोलाचा वाटतो. असा मुलगा जिंकतो तो जास्त चांगला खेळतो म्हणून जिंकतोच असं नाही. तो थोराड असतो, म्हणून जिंकतो.

एका वर्षाने एवढं काय बिघडतं? तीस आणि एकतीस वर्षांच्या माणसांत काहीच नाही. पण मुलगे सगळ्यात झपाट्याने वाढतात ते सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि त्या एका वर्षात उंची नऊ-दहा सेंटिमीटरनेही वाढू शकते. खांदे रुंदावतात, आवाज फुटतो, चेंडू आधी पोचायचा त्याच्या कितीतरी पुढे जातो. कुणाची ही लाट बाराव्या वर्षी येते, कुणाची सोळाव्या. म्हणजे सातवी-आठवीच्या एकाच बाकावर एक जवळजवळ पुरुष आणि एक अजून बालकच, असे दोघं शेजारी बसलेले असतात. खोट्या तारखेने किंवा वर्गात मागे ठेवून मिळवलेलं वर्ष नेमकं इथे बसवलं, तर त्याची किंमत सगळ्यात जास्त येते.

अमेरिकेत मुलाला वर्गात एक वर्ष मागे ठेवणं उघडपणे होतं. तिथला शालेय खेळ वर्गाला जोडलेला. नववीत पाऊल टाकलं की खेळण्याच्या चार वर्षांचं घड्याळ सुरू होतं. म्हणून थांबायचं ते त्याआधी. पास झालेला मुलगा आईबापांच्या इच्छेने पुन्हा आठवीत बसतो, बहुतेकदा शाळा बदलून. बहुतेक राज्यांत शालेय स्पर्धांना एकोणीस वर्षांची मर्यादा असते. ती सांभाळली की झालं. सगळं कायदेशीर. डोळा असतो तो कॉलेजच्या क्रीडा शिष्यवृत्तीवर.

आपल्याकडे ही युक्ती चालत नाही. आपण फार सचोटीचे आहोत, असा मात्र त्याचा अर्थ नाही. आपल्या शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा, एकोणीस असे वयाने पडतात. पोरगा पुन्हा आठवीत बसला म्हणून त्याचं वय थांबत नाही. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायलाच मनाई केली होती. लोक त्याला ढकलपास म्हणत. पुढे २०१९ मध्ये पाचवी-आठवीपुरती मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने ती घेतली, पण नापास पोराकडे आपला समाज ज्या नजरेने बघतो ती पाहता हौसेने कोण मागे बसवणार! तेव्हा तिकडे वर्ग हलतो, इकडे तारीख हलते. आणि तारीख हलवणं आपल्याला जुनंच आहे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत घालताना बापाला तारीख आठवली नाही, गुरुजींनी प्रवेशाला बसेल अशी लिहिली. त्यात कुणाचा स्वार्थ नव्हता. पण दाखल्यावरची तारीख ही माणसाने लिहिलेली गोष्ट आहे आणि ती सोयीने लिहिता येते, हे ज्ञान त्यातून सगळ्यांना झालं.

नैतिकदृष्ट्या या दोन वाटांत अर्थातच फरक आहे. एका मुलाला खोटं बोलावं लागत नाही, दुसऱ्याला रोज बोलावं लागतं. मैदानात मात्र समोर उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या फलंदाजाला त्या फरकाचा काय उपयोग? त्याच्या छातीवर चेंडू तेवढ्याच जोरात येतो.

मग आपण तारीख सोडून हाडांकडे वळलो. २०१२ पासून भारतीय क्रिकेट मंडळ कुमार गटांत टीडब्ल्यू-३ नावाची पद्धत वापरतं. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायचा, तेरा हाडं किती पक्व झाली ते बघून गुण द्यायचे आणि त्यावरून हाडांचं वय काढायचं. मंडळाने २०२० मध्ये स्वतःहून कबुली देणाऱ्यांना माफी देऊ केली, पकडले जाणाऱ्यांना दोन वर्षांची बंदी. वचक बसला, हे मान्य. पण एक्स-रे जन्मतारीख वाचत नाही, तो पक्वता वाचतो. कागद शंभर टक्के खरा असलेला, पण लवकर वाढलेला मुलगा त्यात अडकू शकतो. आणि कागद खोटा, पण हाडं सावकाश वाढलेली, असा सुटूही शकतो.

पहिल्या मुलावर अन्याय झाला, असं आपण लगेच म्हणतो. म्हणायलाच हवं. पण जरा थांबून बघावं. ज्या फायद्यासाठी दुसरा मुलगा तारीख बदलतो, तोच फायदा पहिल्याला निसर्गाने दिलेला असतो. दुसऱ्याला आपण चोर म्हणतो, पहिल्याला गुणी. निवड समितीच्या डोळ्यांना मात्र दोघांतही दिसतं ते एकच, थोराडपण. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी दिसली. गटाची रेघ १ जानेवारीला ओढलेली, म्हणून जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तिथे कुणी दाखला बदलला नव्हता, कुणी आठवीत पुन्हा बसलं नव्हतं. रेघ ओढली की कुणीतरी फुकटात वर्ष मिळवतोच. आईबाप जे करतात ती या फुकटच्या मालाची खरेदी.

आणि गट किती रुंद असतो! जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. सोळा वर्षांखालचा सामना. तो स्वतः पंधरा वर्षांचा, वयाबद्दल कसलाही आक्षेप नाही. पण समोरच्या संघातली बरीच मुलं त्याच्याहून लहान होती आणि तो संघ दोन डावांत ३१ आणि ५२ वर गारद झाला. नियम एकही मोडला गेला नाही.

असं मिळवलेलं वर्ष पुढे कुणाच्या खात्यात जमा होतं, याचा हिशेब आईबाप सहसा करत नाहीत. थोराड गोलंदाजाचे बळी निव्वळ वेगावर मिळतात, मग तो स्विंग शिकायच्या फंदात पडत नाही. थोराड फलंदाजाचा चुकलेला फटकाही सीमापार जातो. सतराव्या-अठराव्या वर्षी बाकीचे उंचीने आणि ताकदीने गाठतात, तेव्हा या पोराकडे उरतं काय? उलट, बारीक असूनही जे टिकले त्यांनी टिकण्यासाठी काहीतरी शोधून काढलेलं असतं. कॅनडातल्याच आइस हॉकी खेळाडूंच्या पुढच्या अभ्यासात जानेवारीवाल्यांचा फायदा अगदी वरच्या पातळीवर उलटलेला दिसला. अडचण एवढीच की बारीक मुलांतले बहुतेक तिथवर पोचतच नाहीत. चौदाव्या वर्षी यादीत नाव नाही, की बॅट माळ्यावर जाते. वयचोरीचा खरा बळी हा मुलगा, आणि त्याची तक्रार कुठेच दाखल होत नाही, कारण आपल्याला कशाने हरवलं हे त्याला कळलेलंच नसतं.

म्हणून एक्स-रेपेक्षा मला दुसरा एक निर्णय जास्त शहाणपणाचा वाटतो. द्रविडच्या आग्रहानंतर २०१६ मध्ये मंडळाने ठरवलं की एका खेळाडूने एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक एकदाच खेळायचा. कुमार विश्वचषक जिंकणं हे ध्येयच नव्हे, तिथून किती जण वर पोचतात ते बघा, ही त्याची भूमिका. या नियमाला कुणाची जन्मतारीख उकरावी लागत नाही. तो चोरलेल्या वर्षाचा भावच पाडतो. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमींनी मुलांना वयाऐवजी शारीरिक पक्वतेनुसार गटांत खेळवून पाहिलं. तेही त्याच दिशेचं पाऊल, पण त्याला मोजमाप, माणसं आणि पैसा लागतो.

आपल्याकडे पारडं अजून दुसरीकडे झुकलेलं आहे. महाराष्ट्रात खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण असतं, आणि या शिडीची पहिली पायरी शालेय स्पर्धाच. तालुक्याची ढाल चौदाखालच्या संघाने आणली की क्रीडाशिक्षकाचा सत्कार त्याच आठवड्यात होतो. त्या संघातले किती जण सतराव्या वर्षीही खेळत होते, हे मुख्याध्यापक त्याला विचारत नाहीत आणि संस्थाचालकही विचारत नाहीत.