अन्यायाच्या परीक्षेस बसावें काय?

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यांत पूर्वी ज्याच्यापाशीं ठराविक मालमत्ता नसे, त्यास मताधिकारासाठीं राज्यघटनेचा उतारा वाचून व लिहून दाखवावा लागे. नियम सर्वांस होता. रोख मात्र कृष्णवर्णीयांवर. वाचतां न येणारा शहाणा म्हातारा मत देण्यास अपात्र कसा, हें आम्हांस कधींच पटलें नाहीं. मग असल्या परीक्षेची तयारी करणें म्हणजे अन्यायापुढें मान तुकविणें नव्हे काय?

वाचकहो, इ. स. १९५७ च्या जानेवारींत तेथील जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागील खोलींत प्रौढांचा रात्रीचा वर्ग सुरू झाला. शिकविणाऱ्या बर्निस रॉबिन्सनबाई केशभूषेचा धंदा करीत. शिक्षिका मुद्दामच घेतली नव्हती, कारण ती शिष्यांस कमी लेखील ही भीति. बाईंनीं आरंभींच विचारलें कीं, तुम्हांस काय शिकावयाचें आहे? कोणास सही करावयाची होती, कोणास मनिऑर्डर भरावयाची, कोणास पवित्रशास्त्र वाचावयाचें. तेथूनच घटनेच्या कलमांपर्यंत मजल गेली, आणि मत कशासाठीं द्यावयाचें याचीहि चर्चा होऊं लागली.

यांत मान तुकविणें आम्हांस दिसत नाहीं. ज्या परीक्षेनें माणसें गाळावयाचीं, तिच्याच निमित्तानें तीं एकत्र बसून विचार करूं लागलीं. १९६५ च्या मतदान-हक्क कायद्यानें ती परीक्षा बंद केली. असे वर्ग मात्र त्यानंतरहि चालले.