साहाय्य घेणारा मनुष्य स्वतंत्र असू शकतो काय?

मनुष्य कर्ता झाला म्हणजे तो आपल्या पायांवर उभा राहिला असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार इतका अंगवळणी पडला आहे की, ज्याचे पायच त्यास उभे करीत नाहीत त्याचे काय, हा विचार मनास शिवतही नाही. अशा तरुणाविषयी बहुतेक घरांत एकच निर्णय झालेला असतो, तो हा की त्यास सांभाळावे. खाऊपिऊ घालावे, न्हाऊमाखू घालावे, कोणी हसू नये म्हणून चार लोकांत नेऊ नये. ह्यात माया नसते असे आम्ही म्हणत नाही, पुष्कळ असते. परंतु ज्यास जन्मभर दुसऱ्याचे हात लागणार, त्यास स्वतंत्र म्हणता येईल काय, आणि येत असेल तर आपल्या मायेने कोठे थांबावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. नुसत्या तर्काने तो सुटत नाही, म्हणून अमेरिकेतील एका विद्यार्थ्याची हकिकत वाचकांपुढे ठेवतो.

एड रॉबर्ट्स हा कॅलिफोर्नियातील मुलगा. १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यास पोलिओ झाला. ह्या रोगावरील लस सर्वांस मिळू लागण्यास तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता. मानेखालचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले. श्वासही नीट चालेना, म्हणून त्यास लोखंडी फुप्फुस नावाच्या यंत्रात निजवीत. हे यंत्र म्हणजे आडवे ठेवलेले मोठे पिंपच. डोके तेवढे बाहेर राहते, व आतील हवेचा दाब कमीजास्त करून रोग्याची छाती फुलविली जाते. असल्या जिण्यापेक्षा मरण बरे असे वाटून मुलाने अन्न टाकले. कोणाचे काही चालेना. पुढे त्याच्यासाठी खास नेमलेली शेवटची परिचारिका निघून गेली, आणि त्यानंतर तो आपण होऊन जेवू लागला, असे तो मागाहून सांगत असे. ह्या गोष्टीत आम्हांस पुष्कळ अर्थ दिसतो. उठणे, निजणे, कूस बदलणे, सर्वच दुसऱ्यांनी ठरवावे अशा स्थितीत त्याच्या सत्तेत एकच गोष्ट उरली होती; ती म्हणजे तोंड मिटून घेणे.

शाळेचा अभ्यास त्याने पुरा केला, तर मोटार चालविण्याचे व कसरतीचे शिक्षण झाले नाही म्हणून दाखला अडला. (ज्यास श्वास घेण्याचे कष्ट, त्याने मोटार हाकून दाखवावी! नियमांचे आंधळेपण सर्व देशांत सारखेच दिसते.) त्याची आई झोना हिने शाळामंडळापुढे दाद मागितली व दाखला मिळविला. नंतर राज्याच्या पुनर्वसन खात्याने, हा मुलगा कधीही नोकरीस लायक होणार नाही, असे ठरवून शिक्षणाचा खर्च नाकारला. तोही निर्णय पुढे फिरवावा लागला, आणि १९६२ साली तो बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाला. रात्री लागणारे ते ८०० पौंड वजनाचे यंत्र कोणत्या वसतिगृहात ठेवणार? शेवटी विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्यास खोली मिळाली. पुढल्या वर्षी जॉन हेस्लर नावाचा दुसरा विद्यार्थी आला, आणि काही वर्षांत असे बारा-एक तरुण तेथे जमले.

राहणे रुग्णालयात, तरी हे रोगी नव्हते, विद्यार्थी होते. आणि हा भेद त्यांनी फार कसोशीने पाळला. रोग्याची शुश्रूषा करणारा मनुष्य दुसऱ्याने नेमलेला असतो व वेळाही दुसऱ्याच्या असतात. येथे मदतनीस कोणता ठेवावा, त्याने किती वाजता यावे, तो नीट वागत नसेल तर त्यास काढावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे अशी रीत पडली. देखरेखीस आलेल्या एका अधिकाऱ्याने दोघांस तेथून घालवून देण्याचा बेत केला, तेव्हा सर्वांनी मिळून विरोध केला व तो बेत हाणून पाडला. १९७० साली त्यांनी विद्यापीठातच अपंग विद्यार्थ्यांसाठी एक कार्य सुरू केले: मदतनिसांची यादी ठेवणे, राहण्यास घर शोधून देणे, चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणे. १९७२ साली ह्याच धर्तीवर गावातील इतर अपंगांसाठी स्वतंत्र जीवनाचे केंद्र निघाले, व ते अपंगांनी स्वतः चालविले. ज्या खात्याने रॉबर्ट्सला नालायक ठरविले होते, त्याच खात्याचा मुख्य म्हणून १९७५ साली त्याची नेमणूक झाली.

आता मूळ प्रश्नाकडे पाहू. कलेक्टर स्वतः स्वयंपाक करीत नाही, आपली मोटारही पुष्कळदा हाकीत नाही. मोठा बागाईतदार स्वतः नांगर धरीत नाही. त्यांस कोणी परावलंबी म्हणते काय? म्हणत नाही, कारण काम दुसऱ्याच्या हातून होत असले तरी हुकूम त्यांचा असतो. मग रॉबर्ट्सच्या तोंडी घास दुसऱ्याने घातला, परंतु काय खावे, केव्हा खावे व खाऊन कोठे जावे हे त्याने ठरविले, तर तो परावलंबी कसा? आमच्या मते स्वातंत्र्य हातापायांत नसून निर्णयात आहे. उलटपक्षी, धडधाकट शरीराचा परंतु प्रत्येक गोष्टीस दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा मनुष्य आपण पाहतोच.

येथे कोणी म्हणेल, रॉबर्ट्सची बुद्धी शाबूत होती. ज्याची समजच कमी, त्याने निर्णय कसा करावा? ही शंका खरी आहे, आणि तिच्यावरून सहज उडी मारून जाता येणार नाही. अमेरिकेत २००८ साली उच्च शिक्षणाचा जो कायदा झाला, त्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसही, मान्यताप्राप्त कार्यक्रमांत शिकत असल्यास, सरकारी मदत मिळण्याची वाट मोकळी केली. असे शिक्षण तेथे कित्येक महाविद्यालयांतून मिळते. विद्यार्थी काही वर्गांत इतरांबरोबर बसतो, व सोबतीस एक सहाध्यायी असतो. परंतु खरी शाळा वर्गाबाहेर भरते. बसने जाणे, बाजार करणे, सोबत्यांबरोबर एका बिऱ्हाडात राहून चूल सांभाळणे, महिन्याचे पैसे महिनाभर पुरविणे, ही तेथील कठीण विद्या होय. तो बस चुकतो. दुकानात फसतो. भाजी करपते.

अशा वेळी आईबापांचे काळीज कसे होत असेल हे आम्ही जाणतो. तरीही रॉबर्ट पर्स्के नावाच्या लेखकाने १९७२ साली जो विचार मांडला, तो आम्हांस पटतो. त्याचे म्हणणे असे की, धोका पत्करण्यातही मनुष्याची प्रतिष्ठा असते, आणि ज्यास कोणताही धोका पत्करू दिला जात नाही, त्याची ती प्रतिष्ठाच हिरावली जाते. धोका म्हणजे त्यास विहिरीच्या काठी एकटे सोडणे नव्हे. ज्या चुकीने दहा रुपये जातात ती करू द्यावी. जिच्याने जीव अथवा अब्रू जाते ती अडवावी. आणि ह्या दोहोंच्या मध्ये जो मोठा प्रदेश आहे, त्यात रोज नव्याने विचार करावा. तेथे एकच नियम सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाही. काहींस आयुष्यभर पुष्कळ मदत लागेल हेही खरे. परंतु दोन सदऱ्यांपैकी कोणता घालावा हे बोटाने दाखविता येते, त्याचेही मत आहेच.

'आमच्यामागे ह्याचे काय होईल?' हा आईबापांचा शेवटचा प्रश्न. ज्या मायेने त्यास कधी एक दिवसही एकट्याने काढू दिला नाही, तीच माया त्यास ह्या दिवसाकरिता सर्वांत कमी तयार करते. पन्नाशीच्या मुलाने आईच्या मरणानंतर प्रथमच चहा करावयास शिकावे, ही गोष्ट कठोर आहे. विसाव्या वर्षी शिकताना हात थोडा पोळला तर तितकी नाही.

आपल्या देशाच्या २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा अशा विद्यार्थ्यांकरिता ठेविल्या आहेत. त्याच कायद्याचे पाचवे कलम सांगते की, दिव्यांग मनुष्यास समाजात राहण्याचा हक्क आहे व अमुकच ठिकाणी राहावे अशी सक्ती त्याच्यावर नाही. चौदाव्या कलमात पालकत्व मर्यादित केले आहे: ठराविक निर्णयापुरते, ठराविक मुदतीपुरते, आणि त्या मनुष्याच्या इच्छेस धरून. खेड्यातल्या मुलास कॉलेजात जागा मिळाली तरी तेथे रात्री कूस कोण बदलील, व त्याचा पगार कोण देईल, हा प्रश्न मात्र नुसत्या जागेने सुटत नाही. बर्कलीस कॉलेजाची वाट मदतनिसाच्या यादीवाचून खुली झाली नव्हती.

आमच्या बोधक बंधूंस घरोघर जावे लागते. ओसरीवर असा एखादा तरुण बसलेला असतो, आणि पाहुणा त्याच्यादेखत त्याच्या आईस विचारतो, 'हा चहा घेतो का?' पुढल्या खेपेस तो प्रश्न त्यासच विचारावा, आणि उत्तर यावयास वेळ लागला तर तितका वेळ बसून राहावे.