गडगा आणि ताम्रपट

आगोट जवळ आली की रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांत गडगे रचायचं काम निघतं. ढासळलेले दगड पुन्हा बसवताना एखादा हातभर पुढे सरकतो. शेजारचा चुलतभाऊ ते बघतो आणि मग मोजणी, तलाठी, कोर्ट सुरू होतं. सातबाऱ्यावर डझनभर नावं, त्यातली निम्मी मुंबईत. तरी त्या हातभर जमिनीपायी विहिरीकडे जाणारी पाखाडी बंद होते आणि गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला जाणंही थांबतं. असं काही कानावर आलं की मला खारेपाटणचा ताम्रपट आठवतो.

खारेपाटण 1981 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथं सापडलेला हा लेख प्रथम प्रसिद्ध केला तो पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी. शके 930, म्हणजे इसवी सन 1008, ज्येष्ठ पौर्णिमा. दान देणारा दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज. त्याच्या सणफुल्ल नावाच्या पूर्वजाला राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेनं सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची भूमी मिळाली होती. पुढे 973 मध्ये चालुक्य तैलपानं राष्ट्रकूटांचं राज्य बुडवलं. म्हणून ताम्रपटात आधी गेलेल्या राष्ट्रकूटांची वंशावळ येते, मग तैलपाचं नाव, मग त्याचा मुलगा सत्याश्रय, जो आता रट्टराजाचा धनी आहे. दोन बलाढ्य घराण्यांच्या झुंजीत आपली खाडी सांभाळून बसलेल्या लहान राजाची सारी धडपड त्या क्रमात दिसते.

ती धडपड पुरी पडली नाही. सोळाच वर्षांनी, 1024 च्या मिरज ताम्रपटात चालुक्य जयसिंह सप्तकोकणच्या अधिपतींना जिंकल्याचं सांगतो. रट्टराजाच्या घराण्याचं नाव त्यानंतर ऐकू येत नाही. मग कदंब आले, यादव आले, बहमनी आले, आदिलशाही आली.

रट्टराजानं दिलं काय होतं? अव्वेश्वराच्या देवळासाठी काही गावं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनं. देवळाच्या सेवेला दासींची, तेल्याची, माळ्याची, कुंभाराची, परटाची कुटुंबं. देवळाची डागडुजी व्हावी, पूजा चालावी, तिथल्या तपस्व्यांना आणि आल्यागेल्या विद्वानांना अन्न मिळावं, एवढ्यासाठी ही सगळी तजवीज.

त्या काळच्या दानपत्रांत शेवटी बहुधा एक जुना श्लोक येतो. त्याचा आशय असा, की सगरापासून कितीतरी राजांनी ही पृथ्वी भोगली. ज्या वेळी ती ज्याच्या हाती, त्या वेळी तिच्या दानाचं पुण्य त्याचं. हा श्लोक मी पुन्हा पुन्हा वाचतो. कारण राजा इथं आपल्या प्रजेशी बोलत नाही, तो उद्या येणाऱ्या राजाशी बोलतो. तो परका असेल, कदाचित आपल्याच वंशाचा वैरी असेल, हे त्याला ठाऊक आहे. राज्य राहणार नाही हेही त्यानं मनोमन मान्य केलं आहे. मागणं एवढंच, की देवळातल्या दिव्याचं तेल बंद करू नकोस, पुण्य तुझ्या नावावर जमा होईल.

आयुष्यभर सीमेसाठी लढणाऱ्या माणसांना हे कळत होतं. मग आपल्याला का कळू नये? आपल्या नावापुढचं क्षेत्र उद्या दुसऱ्या कुणाच्या नावावर चढणारच आहे. त्या येणाऱ्यासाठी आपण काय चालू ठेवून जाणार, एवढंच आपल्या हाती उरतं.

यंदा गडगा रचताना विहिरीकडची पाखाडी तेवढी मोकळी ठेवू या. पाणी कुणाच्या घरी गेलं, हे पुढच्या पिढीला विचारावंसुद्धा लागू नये.