हौस, नवस आणि व्रत

जत्रेला जमणाऱ्या माणसांची वर्गवारी मराठीने फार पूर्वीच करून ठेवली आहे: हौशे, नवशे आणि गवशे. पहिला येतो आनंदासाठी, दुसरा बोललेले फेडण्यासाठी आणि तिसरा काही हाती लागते का ते पाहण्यासाठी. संगीताच्या जत्रेतही हे तिघे असतात; मात्र तेथे ते पुष्कळदा एकाच देहात नांदतात, आणि त्यांतला कोण किती आहे हे त्या देहाच्या धन्यालाही ठाऊक नसते. ते कळण्याचा प्रसंग नकाराचा.

व्यावसायिक कलावंतालाही नकार चुकत नाहीत. परंतु गाणे ही त्याची उपजीविका असल्यामुळे पुढे काय करायचे हा प्रश्न बहुधा परिस्थितीच सोडवते. हौशी माणसाचे तसे नाही. दिवसभर बँकेत खतावण्या तपासणाऱ्या किंवा शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाने पहाटेचा रियाज उद्यापासून बंद केला, तर कोणाचेही काही अडत नाही. शेजाऱ्यांची झोप तेवढी सुखाची होईल. मग त्याने का गावे? वरवर पाहता हा उत्साह टिकवण्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. जे आपल्याला उत्तम साधलेले नाही, कदाचित साधणारही नाही, त्याला आयुष्यातला उत्तम वेळ देण्याचा अधिकार माणसाला आहे काय?

हा प्रश्न पडणारा वर्ग तसा अर्वाचीन आहे. घराण्यांच्या काळात विद्या मिळणेच दुर्घट असे. नकार दाराशीच मिळे, आणि तोही एका माणसाच्या तोंडून. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून पुस्तकांतून छापल्या. दोघांच्या वाटा भिन्न, पण परिणाम एकच झाला: वकील, शिक्षक, कारकून आणि त्यांच्या लेकीसुना यांच्या घरी तंबोरा आला. दार उघडले की उंबरठ्याशी चाळणी येते. परीक्षा आल्या, स्पर्धा आल्या, आणि १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीची स्वरचाचणी पद्धतशीर होऊन गायक-वादकांची प्रतवारी लागली. मोजक्या मिनिटांच्या गाण्यावरून निर्णय, आणि तो कळवणारे चार ओळींचे पत्र. गुरूचा नकार आपल्याला ओळखून आलेला असे. हा नकार आपल्याला ओळखत नाही. तेच त्याचे निःपक्षपातीपण, आणि तीच त्याची थंडाईही.

पत्र आल्यावर माणूस बहुधा दोन उत्तरे जवळ करतो. एक परीक्षकांविषयी: त्यांना काय कळते? दुसरे स्वतःविषयी: मी तर स्वान्तःसुखाय गातो. पहिले उत्तर कधी कधी खरे असते, पण त्याचा उपयोग नसतो; परीक्षक अडाणी ठरल्याने आपला उतरलेला निषाद जागेवर येत नाही. दुसरे उत्तर अधिक फसवे आहे. ज्याने अर्ज भरला आणि दिवस मोजले, त्याला दुसऱ्याने आपले गाणे ऐकावे अशी इच्छा होतीच. ती आता नाकारणे म्हणजे कोल्ह्याने द्राक्षांना आंबट म्हणणे होय. वास्तविक ही इच्छा लाजिरवाणी मुळीच नाही. स्वर उच्चारला की तो दुसऱ्याच्या कानाकडे निघालेलाच असतो.

नकाराकडे पाहण्याची तिसरी रीत हार्मोनियमच्या इतिहासात सापडते. १९४० मध्ये नभोवाणीने या वाद्यावर बंदी घातली. त्यामागचा संगीतविषयक आक्षेप खोटा नव्हता: ठरीव स्वरांच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत. तो आक्षेप आजही पुष्कळ अंशी खरा आहे. बंदी शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या तीन दशकांत महाराष्ट्रात पेटी थांबली नाही. नाटकात, कीर्तनात, भजनात, बैठकीत ती वाजत राहिली. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे आणि पेटीला प्रतिष्ठा मिळवून देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले, बंदी सैल झालेली त्यांना पाहता आली नाही. आक्षेपाला नुसत्या वादाने उत्तर देता येण्यासारखे नव्हते. मींड नाही हे जाणून, भात्याच्या दाबाने आणि बोटांच्या वळणाने तिचा आभास कसा उभा करता येईल, याचा शोध वादकांनी घेतला. येथे एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. नकाराचे कारण खरे असू शकते आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष अपुरा असू शकतो. ‘प्रसारणास योग्य नाही’ हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. ‘वाजवावे की नाही’ हा प्रश्न निराळा, आणि तो समितीला कोणी विचारलेलाच नसतो.

अशा वेळी गीतेतील निष्काम कर्माची आठवण देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु ते तत्त्व म्हणजे पराभवानंतर लावायचे मलम नव्हे. फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि कामाच्या प्रतीविषयी बेफिकीर होणे वेगळे. त्याच ग्रंथाने कर्मातील कौशल्याला योग म्हटले आहे. ‘मला फळ नको’ असे म्हणत ज्याने बेसूर गाण्याची मुभा घेतली, त्याने आसक्ती सोडली नाही, केवळ कष्ट सोडले.

नकार जेथे संभवतच नाही असे गाणेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिंडीत टाळ हाती घेणाऱ्याची चाचणी कोणी घेत नाही. हजार गळ्यांत फुटका गळाही सामावतो, आणि तेथे तेच योग्य आहे. मग नाकारलेल्या ख्यालगायकाने तेथे का जाऊ नये? अवश्य जावे, पण त्याने त्याची मूळची ओढ शमणार नाही. मारव्यातला कोमल रिषभ नेमका कोठे आहे, विलंबित एकतालात घाई न करता समेवर कसे यावे, या कठीणपणावरच त्याचे प्रेम जडले आहे. जेथे चूक होऊ शकत नाही तेथे असे प्रेम जडत नाही. आणि जेथे चूक होऊ शकते तेथे नकारही असणारच. म्हणजे नकार हा त्या प्रेमावर बाहेरून आलेला घाला नव्हे. तो त्या प्रेमाच्या अटींतच लिहिलेला असतो.

आता जत्रेतले ते तिघे पाहू. नकार आला की गवशा निघून जातो, जावा. हौशा गप्प बसतो, कारण हौस ही मनाची एक अवस्था आहे आणि मनाची अवस्था चार ओळींच्या पत्रानेही बदलते. उरतो नवशा. पण नवसातही सौदा असतो: मी इतकी वर्षे रियाज करीन, तू मला मंच दे. सौदा फसला की भक्ती आटते. याच्या पलीकडचा शब्द आपल्याकडे आहे, तो व्रत. भूक नसल्यामुळे कोणी एकादशी करीत नाही; भूक आहे हे धरूनच ती केलेली असते. तसाच रियाजही उत्साह असेल तेव्हाच करायचा नसतो. उत्साहाची वाट पाहणारा गायक नकारानंतर फार काळ वाट पाहत बसतो.

व्रताला एक धोका असतो: ते आंधळ्या सवयीत किंवा हट्टात बदलते. म्हणून त्याला रोजचा साक्षी हवा. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला तंबोरा हा तो साक्षी. जवारी नीट लागली आणि तारा नेमक्या जुळल्या की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. तो तेथे असतोच. आपला कान तयार होईपर्यंत तो आपल्यासाठी नसतो. तंबोरा स्तुती करीत नाही, की दार लावून घेत नाही. आपण स्वरापासून किती दूर आहोत एवढेच तो सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगण्यास तयार असतो. त्याचे रोजचे ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला समितीचे एकदाचे सांगणे सोसता येते. एवढेच नव्हे, त्यात काही तथ्य असेल तर ते उचलताही येते.

अशा माणसाकडून परंपरेला काही मिळते ते ओघाने. तानसेन दुर्मिळ, पण त्याला कानसेन लागतो. आणि मारव्याच्या रिषभाशी दहा वर्षे झुंजलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यातून तो रिषभ अचूक लागताना जसा ऐकतो, तसा नुसता तिकीट काढून आलेला श्रोता ऐकू शकत नाही. भातखंडे स्वतः वकील होते, मैफलीचे गवई नव्हते. म्हणून संगीताने त्यांना परके मानले नाही. त्यांची योग्यता अर्थातच असामान्य होती, आणि तिचा आधार सामान्याने घेऊ नये. सामान्याचे समर्थन त्याच्या उपयुक्ततेवर उभे करण्याची गरजही नाही.

त्या अधिकाराची मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. ज्याचा रियाज केवळ अपमानाचा हिशेब मांडण्यासाठी चालला आहे, किंवा ज्याच्या पहाटेची किंमत घरातले दुसरेच कोणी मुकाट्याने भरत आहे, त्याने थांबून विचार करावा. गाणे सोडल्यानेही त्याचे भले होईल. इतरांनी परवानगीची वाट पाहू नये. आपण किती चांगले गातो हे जगाने ठरवावे, ते त्याचे काम आहे. कालच्यापेक्षा आज स्वराशी अधिक प्रामाणिक राहावे की नाही, हे ठरवण्याचे काम ज्याच्या मांडीवर तंबोरा आहे त्याचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणालाही सोपवता येत नाही.