नागमोडी रेघेची नीती

कोपान हे होंडुरासच्या पश्चिम भागातील प्राचीन माया नगर. इ. स. ४२६ पासून सुमारे चार शतके एका राजवंशाने तेथे राज्य केले. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञ हेदर रिचर्ड्स-रिसेटो यांनी सहकाऱ्यांसह या नगराच्या अभ्यासात भौगोलिक माहिती प्रणाली आणि आभासी वास्तव यांची सांगड घातली आहे. अमुक घराच्या अंगणातून राजाचे मंदिर दिसत असे काय, हा प्रश्न पहिले तंत्र भूभागाची उंची आणि अंतर यांच्या गणिताने सोडवते. त्याचे उत्तर सामान्यतः ‘दिसते’ वा ‘दिसत नाही’ एवढेच असते. दुसरे तंत्र डोळ्यांवर उपकरण चढवून आपल्याला त्या अंगणात उभे करते.

या उद्योगाचे मोल कमी लेखता येणार नाही. कोपानचे शिलालेख राजांविषयी बोलतात. ज्यांनी दगड वाहिले त्यांच्याविषयी ते मौन पाळतात. सामान्याच्या अंगणातून राजसत्तेकडे पाहू लागणे हा दृष्टीचा मोठाच पालट आहे. प्रश्न निर्माण होतो तो त्यापुढे : त्या अंगणात उभे राहून आपण जे पाहतो, ते नेमके कोणाचे पाहणे असते?

दृष्टिक्षेत्राचे गणित मांडताना संशोधकाला पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची ठरवावी लागते. ती साधारणतः ताठ उभ्या प्रौढ माणसाची धरली जाते. परंतु माया प्रदेशात ओझे वाहणारी जनावरे नव्हती. माणसेच कपाळावर पट्टा घेऊन पाठीवर भार वाहत. वाकून चालणाऱ्या त्या हमालाला मंदिर दिसत होते, की केवळ पायांखालची वाट? शिवाय दगडी मंदिरांचे अवशेष उरले. साध्या लोकांची लाकूड-गवताची घरे गेली, मागे जोत्यांचे उंचवटे तेवढे राहिले. म्हणजे ज्यांना न्याय द्यावयाचा, त्यांच्याच घरांच्या चित्रणात कल्पनेचा वाटा अधिक. पडद्यावर मात्र मंदिराचा दगड आणि झोपडीचे छप्पर सारख्याच ठामपणे उभे राहू शकतात.

ही अडचण संगणकाने प्रथम निर्माण केली असे नव्हे. कोपानच्या प्रसिद्ध जिन्यावर चित्रलिपीतील दोन हजारांहून अधिक चिन्हे कोरलेली आहेत. त्याच्या बहुतेक पायऱ्या कोसळल्या होत्या. १९३० च्या दशकात कार्नेगी संस्थेने ते दगड पुन्हा रचले. पण अनेकांचा मूळ क्रम अज्ञात असल्याने वरच्या भागातील लेख विस्कळीत झाला. जिना मात्र सलग दिसतो.

येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण होते. १९१९ मध्ये आरंभलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. संहितेतील जो पाठ निःसंशय नव्हता, त्याखाली संपादकांनी नागमोडी रेघ छापली. तो पाठ त्यांनी वगळला नाही आणि त्यासंबंधीचा आपला संदेहही लपवला नाही. वाचक त्या रेघेपाशी थांबू शकतो, तळटीपांतील पाठभेद पाहू शकतो, संपादकाहून वेगळा निर्णयही घेऊ शकतो.

आभासी नगरात वावरणाऱ्याला थांबण्याची अशी जागा सहजी मिळत नाही. तो वाचत नाही, देहाने अनुभवतो. आणि देहाने अनुभवलेल्यावर शंका घेणे माणसाला जड जाते. संगणकीय पुनर्रचनांसंबंधी २००६ मध्ये सिद्ध झालेली लंडन सनद पुरावा कोणता आणि अनुमान कोणते हे स्पष्ट असावे, अशी अपेक्षा करते. अशा खुणांनी अनुभवाची एकसंधता भंगेल, हा आक्षेप खरा आहे. तथापि ती काही ठिकाणी भंगणे इष्टच, असे मला वाटते. अनुमानाविना इतिहास संभवत नाही, हे मान्य. परंतु अनुमानाला पुराव्याचा वेष चढविणे ही केवळ पद्धतीची चूक राहत नाही. ज्यांच्याविषयी आपण अनुमान करतो ती माणसे हरकत घ्यावयास हयात नाहीत, आणि त्यांतही ज्यांच्या मागे शिलालेख नाहीत त्यांच्यावर आपल्या चुकांचा भार सर्वाधिक पडतो.

म्हणून त्या झोपडीचे छप्पर पडद्यावर फिकट रंगात दाखवावे. तीच त्या माध्यमातील नागमोडी रेघ होय. ती दिसली, म्हणजे त्या अंगणात आपण पाहुणे आहोत, घरधनी नव्हे, याची जाणीव पाहणाऱ्याला राहील.