खुकरी : एक नाव, दोन जहाजं

बसा. उत्तनच्या किनाऱ्यावर, जिथे कोरडी वाळू मिळेल तिथे.

भाईंदर स्टेशनची गर्दी मागे राहिली आहे. आडव्या बांबूंवर बोंबील सुकताहेत. त्यांचा वास येऊ द्या. खारा वारा तोंडावर घ्या.

एक श्वास. सावकाश.

आता मान जरा उजवीकडे वळवा, वायव्येला. या पाण्यापलीकडे, सुमारे अडीचशे किलोमीटरवर, दीव आहे. इथून दिसत नाही. तरी तिकडेच बघत राहा.

त्या बाजूच्या समुद्राच्या तळाशी एक जहाज आहे. आयएनएस खुकरी.

हे नाव मनात घ्या. घाई नको.

गोरख्यांच्या वाकड्या शस्त्राचं हे नाव. १९५८ मध्ये नौदलात आलेली ही फ्रिगेट. पाणबुड्या शोधणं हे तिचं मुख्य काम.

पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकावी लागते. सोनार पाण्यात आवाज सोडतो आणि तो आदळून परत येण्याची वाट बघतो.

तुम्हीही ऐका. आधी जवळची लाट. मग तिच्यामागची. मग त्याहून लांब, जिथे काहीच ऐकू येईनासं होतं, तिथे कान लावा.

तिथेच थांबा.

डिसेंबर १९७१. भारत-पाकिस्तान युद्ध चालू आहे. मुंबईत ब्लॅकआउट आहे, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद आहेत. खुकरी आणि तिच्या सोबतीचं जहाज कृपाण दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी शोधताहेत. आणखी लांबचं ऐकू यावं म्हणून खुकरीवर सोनारचा एक प्रयोग चालू आहे. त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवला आहे.

वर माणसं ऐकताहेत. खाली, अंधाऱ्या पाण्यात, हंगोर ही पाकिस्तानी पाणबुडीही ऐकते आहे.

९ डिसेंबर. रात्रीचे पावणेनऊ. टॉर्पेडो लागतो. काही मिनिटांत खुकरी पाण्याखाली जाते.

श्वास घ्या. सोडा.

त्या मिनिटांमधली एकच गोष्ट जवळून बघा. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्या हातात लाइफ जॅकेट आहे. ते एका खलाशाला देऊन टाकतात.

तो हात बघा. पुढे झालेला. मग रिकामा.

मुल्ला जहाज सोडत नाहीत. त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक जातात. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळतं.

१९४. हा आकडा वाचून लगेच पुढे जाऊ नका. एका श्वासाला एक माणूस आठवा. सगळे होणार नाहीत. होतील तेवढे होऊ द्या.

अजून एक.

आणि अजून एक.

आता पुन्हा त्या नावाकडे या.

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. मग त्या पोराला रागाने हाक मारताना घरातल्यांची जीभ अडते. नाव लहानाचं, पण मान मोठ्याचा.

खुकरीचं नाव असंच पुढे येतं. मुंबईत माझगाव डॉकमध्ये नवं जहाज बांधलं जातं. २३ ऑगस्ट १९८९ ला ते नौदलात दाखल होतं. जुनीचा क्रमांक एफ १४९. नवीचा पी ४९.

नव्या खुकरीवर चढणारा पहिला तरुण खलाशी डोळ्यांसमोर आणा. ते नाव आता त्याच्यावर आहे. त्याच्या खांद्यांकडे बघा. तुमचे खांदे जरा सैल सोडा.

पहिलीला १३ वर्षं मिळाली. दुसरीला ३२ मिळतात. २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला, सूर्य मावळताना, तिच्यावरचा ध्वज उतरवला जातो. तिच्यावरची माणसं आपल्या पायांनी धक्क्यावर उतरतात.

या उतरण्याजवळ थांबा. पायाखाली जमीन. समोर घरची वाट. जहाजाच्या आयुष्यात यापेक्षा मोठं सुख नाही.

आज दुसरी खुकरी दीवला आहे, लोकांनी येऊन बघावं म्हणून.

ज्यांना धक्क्यावर उतरता आलं नाही, त्यांच्यासाठी अजून थोडा वेळ बसा.

मग उठा. घरी गेलात की कुणाला तरी खुकरीचं नाव सांगा. घरात मूल असेल तर आधी त्याला. वर्ष सांगा, १९७१. ते लाइफ जॅकेट कुणी कुणाला दिलं, तेही सांगा. मूल पुढे काही विचारेल. त्याचं पूर्ण ऐकून घ्या.